मेपल बटर: क्वेबेकच्या बरणीतला घोटलेला पाक

मेपल सिरप, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला गोड पाक, बहुतेकांनी पाहिलेले असते. पण तेच सिरप आणखी आटवून, निववून आणि घोटून तयार होणारे मेपल बटर हे सिरपपेक्षा अधिक कौशल्याचे आणि, माझ्या मते, अधिक समाधान देणारे उत्पादन आहे. फिकट बदामी रंगाचा, सुरीने पावावर सहज पसरणारा आणि पसरल्यावर कडेने न ओघळणारा हा गोड लेप कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात न्याहारीला आवडीने खाल्ला जातो. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात तो मेपल क्रीम या नावाने विकला जातो. दोन्हींत लोणी नसते आणि सायही नसते. अस्सल मेपल बटरच्या वेष्टनावर घटक म्हणून केवळ मेपल सिरप एवढेच लिहिलेले असते, आणि बरणी हातात घेतल्यावर सर्वांत आधी हीच ओळ वाचावी.

या परीक्षणासाठी मी तीन प्रकारच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. पहिली बरणी क्वेबेकमधल्या माँट्रिअल शहराच्या जाँ-तालाँ बाजारात एका लहान मेपल-उत्पादकाचा माल ठेवणाऱ्या गाळ्यावरची होती, दुसरी मोठ्या प्रमाणावर भरणा करणाऱ्या कंपनीची आणि तिसरी मेपलच्या स्वादाचा लेप म्हणून सुपरमार्केटमध्ये मिळणारी. उत्पादकांची नावे मी देत नाही, कारण लहान उत्पादकाची बरणी दर हंगामात बदलते आणि एका वर्षीचे नाव दुसऱ्या वर्षी वाचकाच्या उपयोगी पडेलच असे नाही. कोणतीही बरणी उघडल्यावर काय पाहावे, हे समजणे अधिक उपयोगाचे आहे, आणि ते समजण्यासाठी हा लेप कसा बनतो याकडे थोडे सविस्तर पाहावे लागते.

मेपलच्या झाडाचा रस मुळात पाण्यासारखा पातळ आणि नितळ असतो. त्यात साखरेचे प्रमाण साधारण 2 टक्के असते, त्यामुळे 1 लिटर सिरप मिळवण्यासाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा शून्याच्या वर चढतो, अशा दिवसांतच हा रस वाहतो. क्वेबेकमध्ये हा काळ मुख्यतः मार्च आणि एप्रिलचा असतो. तयार सिरपात साखर सुमारे 66 टक्के असते. मेपल बटर करायचे असेल तर हे तयार सिरप पुन्हा आचेवर चढते आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या साधारण 12 ते 13 अंश वर, म्हणजे 112 ते 113 अंश सेल्सियसपर्यंत उकळले जाते. हवेच्या दाबाप्रमाणे आणि जागेच्या उंचीप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलत असल्यामुळे जाणकार उत्पादक त्या दिवशी पाणी किती अंशांना उकळते ते आधी मोजतात आणि मग पुढचे गणित मांडतात.

यापुढचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. गरम पाक उथळ भांड्यात ओतून, ते भांडे थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवून, पाकाला जराही धक्का न लावता तो खोलीच्या तापमानापर्यंत किंवा त्याच्याही खाली निववला जातो. त्या अवस्थेत पाकामध्ये, त्या तापमानाला विरघळून राहू शकते त्याहून बरीच जास्त साखर सामावलेली असते. पाक कोमट असतानाच ढवळला तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच वाढत वाढत जिभेला टोचतील इतके मोठे होतात. तो पूर्ण निवल्यावर ढवळला तर एकाच वेळी असंख्य सूक्ष्म स्फटिक जन्माला येतात, त्यांपैकी कोणालाही वाढायला फारशी साखर उरत नाही, आणि राहिलेला दाट पाक या कणांच्या भोवती राहून लेपाला मऊपणा देतो. घोटता घोटता चकाकणारा तपकिरी पाक हळूहळू फिकट आणि अपारदर्शक होत जातो. त्याची चमक मावळली की काम संपत आल्याचे समजते. लहान प्रमाणावर हे घोटणे लाकडी पळीने हातानेच करतात, तर अधिक माल काढणाऱ्यांकडे त्यासाठी सावकाश फिरणाऱ्या परातीची यंत्रे असतात. एरवी पाक साखरला की तो बिघडला असे आपण मानतो. येथे मात्र तो कधी साखरू द्यायचा आणि किती बारीक साखरू द्यायचा, यातच सगळे कसब आहे.

सिरप कोणते वापरले यावरही बरेच अवलंबून असते. हंगामाच्या सुरुवातीच्या सिरपात जवळजवळ सगळी साखर सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या, रूपात असते. पुढे हवा उबदार होऊ लागली की रसातले सूक्ष्मजीव त्या सुक्रोजचे विघटन करू लागतात आणि ग्लुकोज व फ्रुक्टोजचे प्रमाण वाढते. या दोन शर्करा स्फटिक बनण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. त्या थोड्या प्रमाणात असल्या तर कण बारीक राहायला मदतच होते. पण त्यांचे प्रमाण 4 टक्क्यांच्या पुढे गेले तर कितीही घोटले तरी लेप नीट धरत नाही. म्हणूनच चांगले मेपल बटर फिकट सिरपाचे केले जाते. कॅनडातील नियम 2014 च्या अखेरीस बदलल्यापासून किरकोळ विक्रीच्या सिरपाचे सोनेरी, अंबर (तांबूस पिवळा), गडद आणि अतिगडद असे चार वर्ग आहेत, आणि ते सिरपातून किती प्रकाश आरपार जातो यावरून ठरतात. सोनेरी वर्गाच्या सिरपातून 75 टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश पार होतो, तर अंबर वर्गात हे प्रमाण 50 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान असते. मेपल बटरसाठी या दोन वर्गांचाच विचार करावा असे मला वाटते, आणि त्या दोहोंत माझी पसंती अंबरला आहे. सोनेरी सिरपाचा पोत उत्तम येतो, परंतु त्याची कोमल चव घोटण्याने आणखी दबल्यासारखी वाटते.

आता बरण्यांकडे वळतो. लहान उत्पादकाच्या बरणीचे झाकण उघडले तेव्हा वर सिरपाचा पातळ, चकचकीत थर जमलेला होता. अनेक ग्राहक हा थर पाहून माल खराब झाला असे समजतात, पण तसे नसते. स्फटिक हळूहळू खाली बसतात आणि त्यांच्यामधला पाक वर येतो, एवढेच घडलेले असते. स्वच्छ, कोरड्या चमच्याने तळापासून ढवळले की दोन्ही पुन्हा एकजीव होतात. ढवळल्यावर या बरणीतला लेप दाट, मऊसूत आणि अगदी किंचित रवाळ लागला. ही रवाळ जाणीव दोषात मोडण्याइतकी नव्हती. दातांखाली काहीच येत नव्हते, फक्त टाळूवर लेप वितळताना त्याचा भरीवपणा क्षणभर जाणवत होता. चव मात्र खरोखर वाखाणण्यासारखी होती. आधी गोडवा, त्यामागोमाग भाजलेल्या अक्रोडाच्या जवळ जाणारा खमंगपणा, मग व्हॅनिलाची पुसटशी छटा आणि शेवटी लाकडाची सौम्य, कोरडी चव, अशा क्रमाने ती उलगडत गेली. ही चव झाडातून आयती येत नाही. कच्चा रस जवळजवळ बेचव असतो. त्यातली शर्करा, अमिनो आम्ले आणि झाडातली इतर द्रव्ये यांची उकळताना परस्परांशी प्रक्रिया होते आणि त्यातून हा स्वाद घडतो. 2011 मध्ये ऱ्होड आयलंड विद्यापीठातील संशोधकांना मेपल सिरपात एक असे संयुग सापडले, जे मूळ रसात नसते आणि आटवण्याच्या प्रक्रियेत तयार होते. त्याला त्यांनी क्वेबेकवरून क्वेबेकॉल असे नाव दिले. आचेवरची प्रत्येक मिनिटे मोलाची का असतात, हे यावरून लक्षात यावे.

लहान उत्पादकांच्या बरण्यांमध्ये इतके वैविध्य का आढळते, याला क्वेबेकमधील विक्रीव्यवस्थाही कारणीभूत आहे. जगातील मेपल सिरपाचे सुमारे 70 टक्के उत्पादन एकट्या क्वेबेकमध्ये होते, आणि मोठ्या पिंपांतून होणारी ठोक विक्री उत्पादकांच्या प्रांतिक संघटनेमार्फत, ठरवून दिलेल्या कोट्यानुसार चालते. त्या पिंपांतले सिरप पुढे एकमेकांत मिसळले जाते, त्यामुळे कोणत्या डोंगरउतारावरचे आणि कोणत्या आठवड्यातले सिरप आपण खात आहोत याचा माग राहत नाही. उत्पादकाने आपल्या शेतावरून लहान डब्यांत थेट ग्राहकाला विकलेला माल या ठोक व्यवस्थेच्या बाहेर राहतो. त्याचे मेपल बटर त्याच्याच झाडांचे, त्याच्याच कढईतले असते आणि त्यात त्याचा हात ओळखू येतो. अर्थात हात चुकला तर तोही ओळखू येतो. हंगामाच्या शेवटी झाडांना कळ्या फुटू लागल्यावर काढलेल्या रसाला एक उग्र, काहीशी कडवट चव येते, आणि असे सिरप वापरले असेल तर घोटूनही ती लपत नाही. म्हणून शक्य असेल तेथे चाखल्याशिवाय बरणी घेऊ नये; बाजारातले विक्रेते विचारल्यास बहुधा लाकडी चपट्या काडीवर थोडासा लेप चाखायला देतात.

दुसरी, मोठ्या कंपनीची बरणी पोताच्या कसोटीवर पहिलीपेक्षा सरस ठरली, हे मान्य करायला हवे. लेप रेशमासारखा मऊ होता, त्यात कुठेही कण जाणवला नाही आणि वर पाकाचा थरही जमलेला नव्हता. यंत्राने ठरावीक तापमानाला घोटल्याचा हा परिणाम असावा. घटकांच्या ओळीत केवळ मेपल सिरप होते, म्हणजे शुद्धतेबाबत शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही चवीत ती पहिलीच्या मागे राहिली. गोडवा लगेच पुढे आला आणि त्याच्यामागे कारमेलची एक सरळ, सपाट छटा तेवढी उरली. खमंगपणा होता, पण त्यात चढउतार नव्हते. वर्षभर एकसारखी चव देण्यासाठी निरनिराळी सिरपे मिसळावी लागतात आणि त्या मिश्रणात प्रत्येकाचे टोक झिजते. ज्यांना मेपल बटर प्रथमच घ्यायचे आहे, ज्यांच्या घरात लहान मुले ते रोज पावाला लावणार आहेत, किंवा ज्यांना एखाद्याला भेट पाठवायची आहे, त्यांच्यासाठी ही बरणी निश्चितच योग्य आहे. ती निराश करत नाही.

तिसऱ्या बरणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिच्या वेष्टनावर मेपलचे लाल पान ठळकपणे छापलेले होते, परंतु घटकांच्या यादीत साखर, ग्लुकोज सिरप, पाम तेल आणि स्वादद्रव्य यांच्यानंतर मेपल सिरपाचा क्रम लागत होता. चव एकसुरी, वास तीव्र आणि तोंडात तेलाचा पापुद्रा राहणारी अशी ही वस्तू आहे. स्वस्त असली तरी घेऊ नये. साय किंवा लोणी घालून केलेले मेपलचे लेप मात्र या वर्गात ढकलणे अन्यायाचे ठरेल. क्वेबेकमधले काही उत्पादक ते प्रामाणिकपणे आणि चांगल्या प्रतीचे करतात, वेष्टनावर तसे स्पष्ट लिहितात, आणि त्यांची चव दुधाळ कारमेलसारखी लागते. तो वेगळा पदार्थ आहे, लवकर संपवावा लागतो, आणि ज्याला दूध चालत नाही त्याच्यासाठी तो नाही. याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना: रस आटवताना कढईत येणारा फेस बसवण्यासाठी काही उत्पादक लोण्याचा किंवा सायीचा अगदी छोटा अंश घालतात, आणि त्याचा उल्लेख बरणीवर असतोच असे नाही. ज्यांना दुधाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी घटकांची ओळ वाचून न थांबता विक्रेत्याला याबद्दल थेट विचारावे.

खाण्याच्या पद्धतीविषयी माझे मत ठाम आहे. मेपल बटरचे जे वैशिष्ट्य आहे, म्हणजे त्याचा पोत, तो उष्णतेने नाहीसा होतो. कढत टोस्टवर लावलेला लेप काही क्षणांत पुन्हा सिरप बनून पावात मुरतो. चव राहते, पण मग साध्या सिरपापेक्षा अधिक पैसे मोजण्यात अर्थ उरत नाही. टोस्ट हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे आणि मग लेप जाडसर पसरावा. त्याच कारणासाठी केक किंवा बिस्किटांच्या पिठात मेपल बटर घालणे मला पटत नाही. तेथे गडद वर्गाचे सिरप अधिक चव देते आणि कमी खर्चात देते. याउलट थंड केलेल्या केकवर किंवा दोन बिस्किटांच्या मध्ये हा लेप उत्तम बसतो, कारण तो वाहत नाही आणि त्याच्यासाठी वेगळी पिठीसाखर घोटावी लागत नाही.

सोबत काय असावे, याचाही विचार करण्यासारखा आहे. इतक्या गोड पदार्थाला खारट, आंबट किंवा किंचित कडवट जोड लागते. माँट्रिअलचे बेगल, म्हणजे कड्याच्या आकाराचे पाव, मध घातलेल्या पाण्यात उकळून मग लाकडाच्या भट्टीत भाजले जातात, त्यामुळे ते आधीच जरा गोडसर असतात. त्यांवर हा लेप लावायचा असेल तर तीळ लावलेले बेगल घ्यावे, म्हणजे तिळाचा खमंगपणा गोडीला आवर घालतो. मुरवलेल्या, तीव्र चवीच्या चेडर चीजच्या कापावर मेपल बटरचा पातळ थर ही माझ्या दृष्टीने सर्वोत्तम जोडी आहे. चीजचा खारटपणा आणि आंबूस झाक यांमुळे मेपलच्या लाकडी छटा अधिक स्पष्टपणे पुढे येतात. मॅकिंटॉशसारख्या आंबटगोड सफरचंदाच्या फोडी, साखर न घातलेले घट्ट दही आणि राय या धान्याचा काळपट पाव यांच्यासोबतही तो शोभतो. पॅनकेक आणि क्रेप (पातळ धिरडी) यांच्यासाठी मात्र सिरपच बरे, कारण ते गरम खायचे असतात.

किमतीकडे पाहिले तर वजनाच्या हिशेबाने मेपल बटर सिरपापेक्षा महाग पडते, आणि ते रास्त आहे. 1 लिटर सिरपाचे वजन सुमारे 1.33 किलो असते, आणि त्यातून जवळपास 1 किलो मेपल बटर निघते. म्हणजे ग्राहक कमी पाण्याचे आणि अधिक मेहनतीचे पैसे देत असतो. सिरपाचे भाव एखाद्या वाईट हंगामाने एकदम उसळू नयेत म्हणून क्वेबेकच्या उत्पादक संघटनेने 2000 मध्ये सिरपाचा राखीव साठा सुरू केला, आणि 2021 च्या कमकुवत हंगामानंतर त्यातला मोठा हिस्सा बाजारात सोडण्यात आला. मेपल बटरसाठी असा साठा नसतो. त्यामुळे चांगल्या उत्पादकाचा माल हंगामानंतर काही आठवड्यांत संपणे हे नेहमीचे आहे, आणि त्यानंतर जो मिळतो तो पुष्कळदा साठवलेल्या सिरपापासून नव्याने घोटलेला असतो. त्यात वाईट काही नाही. उलट सिरप डब्यात चांगले टिकते आणि नव्याने घोटलेला लेप अधिक ताजा असतो. म्हणून बरणीवर सिरपाच्या हंगामाऐवजी भरण्याची तारीख पाहावी.

ज्यांना हौस आणि साखरेचा तापमापक दोन्ही आहेत, त्यांना 540 मिलीलिटरच्या नेहमीच्या डब्यातले फिकट सिरप घेऊन घरीही प्रयत्न करता येईल. हात भरून येईपर्यंत घोटावे लागते आणि निवताना भांड्याला लागलेला एक धक्कासुद्धा पोत बिघडवू शकतो, परंतु फसलेला लेप वाया जात नाही: थोडे पाणी घालून, पुन्हा उकळून, पुन्हा सुरुवात करता येते.

आरोग्याच्या दाव्यांना या बरणीच्या खरेदीत जागा देऊ नये. सुमारे 20 ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात 17 ग्रॅमच्या आसपास साखरच असते. मेपल सिरपात मँगनीज आणि रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) बऱ्यापैकी असतात हे खरे असले, तरी त्यासाठी हा लेप खाणे समर्थनीय नाही. तो चवीसाठी खावा आणि थोडा खावा.

राहिला टिकवण्याचा प्रश्न. न उघडलेली बरणीही शीतकपाटात ठेवणे चांगले, कारण उबदार जागेत स्फटिक विरघळून पुन्हा मोठे होऊ लागतात आणि पाक वेगाने वर येतो. उघडलेली बरणी तर शीतकपाटातच ठेवावी. वर साचलेल्या थराला, त्यातला पाक तुलनेने कमी दाट असल्यामुळे, बुरशी धरण्याचा धोका अधिक असतो, म्हणून अधूनमधून ढवळत राहावे आणि पावाचे कण लागलेली सुरी आत बुडवू नये. दीर्घकाळ ठेवायची असेल तर बरणी गोठणकप्प्यात ठेवता येते. साखरेच्या प्रमाणामुळे लेप दगडासारखा गोठत नाही, आणि बाहेर काढून शीतकपाटात रात्रभर ठेवला की पुन्हा पसरण्याजोगा होतो. मात्र तो लवकर मऊ व्हावा म्हणून मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नये; काही सेकंदांत त्यातले स्फटिक वितळतात, आणि निवल्यावर ते पूर्वीसारखे बारीक न होता बरणीच्या तळाशी जाड खड्यांच्या रूपात बसतात.